दुरुस्तीला तारीख हवी

वाढीव वॉरंटीचा कागद सावकाश वाचायला घेतला की त्यात पुष्कळ काही सापडते. काय काय भरून मिळणार नाही याची लांबलचक यादी असते. लॅपटॉपची किंमत दर वर्षी किती टक्क्यांनी कमी धरली जाईल याचा तक्ता असतो. वाद झाल्यास तो कोणत्या शहरातल्या न्यायालयात न्यायचा, तेही छापलेले असते. घरगुती ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या या कागदात एक गोष्ट मात्र सहसा नसते. बिघडलेला लॅपटॉप दुरुस्त होऊन किती दिवसांत परत मिळेल, हे त्यात नसते. कुठे असलेच तर ‘शक्य तितक्या लवकर’ किंवा ‘सुट्या भागांच्या उपलब्धतेनुसार’ अशा शब्दांत, म्हणजे नसल्यातच जमा. ग्राहकाकडून पैसे आज घेतले जातात, जीएसटीसकट घेतले जातात. कंपनीने आपले काम कधी पुरे करायचे, ते मोकळे सोडलेले असते. माझे म्हणणे असे आहे की, पैसे घेऊन दुरुस्तीचे वचन विकायचे असेल तर त्या वचनावर तारीख असलीच पाहिजे. तारीख उलटली तर दर दिवसाची भरपाई ग्राहकाने न मागता मिळाली पाहिजे. आणि बिघाड ग्राहकाच्या चुकीने झाला असे कंपनी म्हणत असेल, तर ते तिने सिद्ध केले पाहिजे.

कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्याला हा प्रश्न विशेष बोचतो, आणि त्याचे कारण इथल्या जगण्याच्या घडीत आहे. इथल्या घरांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर बेतलेला. कल्याण ते सीएसएमटी हे अंतर 54 किलोमीटर. सकाळी सात-साडेसातला घर सोडणारा माणूस रात्री आठ-नऊला परततो. सर्व्हिस सेंटर साधारण दहा ते सहा उघडे असते, रविवारी बहुधा बंद. ते ठाण्यात असले तर नशीब, नाहीतर अंधेरीपर्यंतही जावे लागते. लॅपटॉप जमा करायला एक फेरी, ‘पार्ट आलाय, पण तुमच्यासमोर तपासायचंय’ म्हणून आणखी एक, परत आणायला पुन्हा एक. प्रत्येक फेरीला अर्ध्या दिवसाची रजा लागते आणि कंत्राटावर काम करणाऱ्याचा तेवढा पगार कापला जातो. घरून लॅपटॉप नेण्याची सोय असली, तरी कुरिअरवाला ‘दहा ते सहाच्या मध्ये कधीही’ येणार. नवरा-बायको दोघेही नोकरीवर, मुले कॉलेजात किंवा क्लासला. मग घरातले निवृत्त आजोबा दिवसभर बेलकडे कान लावून बसतात, नाहीतर पाठीला सॅक अडकवून दुपारच्या कमी गर्दीच्या गाडीने ठाणे गाठतात. कुठल्याही सर्व्हिस सेंटरच्या बाकावर दुपारी दोन वाजता नजर टाका. आपला लॅपटॉप नसलेली, पण दुसऱ्याचा मांडीवर धरून बसलेली साठीपुढची माणसे तिथे हमखास दिसतात. वॉरंटीच्या पावतीवर छापलेल्या किमतीत त्यांचा हा दिवस कुठेच धरलेला नसतो.

आणि लॅपटॉप ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. 2020च्या टाळेबंदीपासून तो या पट्ट्यातल्या हजारो घरांत कमावण्याचे आणि शिकण्याचे साधन झाला आहे. जुलैत विवरणपत्रे भरणारा कर सल्लागार, घरी बसून मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करणारी बाई, ऐरोलीच्या कंपनीचे काम रात्रपाळीत घरून करणारा मुलगा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पुरा करणारी मुलगी. यांच्या हातातून लॅपटॉप तीन आठवडे गेला, तर तीन आठवड्यांनी तो उत्तम दुरुस्त होऊन आला तरी नुकसान झालेलेच असते. कायद्यालाही हे कळते. ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही, पण स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी ती वापरणारा माणूस ग्राहकच ठरतो. म्हणजे पोटाचा विचार कायद्याने केला आहे. पोट किती दिवस थांबू शकते, याचा विचार वॉरंटीच्या कागदावर यायचा बाकी आहे.

आमच्या घरातला एक लॅपटॉप वाढीव वॉरंटीच्या काळात बंद पडला. बटण दाबले की दिवा लागायचा आणि विझायचा. दुकानदार म्हणाला, आमचा संबंध विक्रीपुरता, वॉरंटी दुसऱ्या कंपनीची आहे. त्या कंपनीच्या फोनवरच्या मुलीने तक्रार क्रमांक दिला आणि सर्व्हिस सेंटरचे नाव सांगितले. सर्व्हिस सेंटर हे तिसऱ्याच संस्थेचे निघाले, आणि खर्चाला मंजुरी देणारी आणखी चौथीच कोणीतरी होती, जिच्याशी ग्राहकाला बोलता येत नाही. जॉबशीटवर बिघाडाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता, ‘करोजन’, म्हणजे गंज. तेवढ्यावर नकाराचा मेल आला. त्यात फोटो नव्हता, तपासणाऱ्याचे नाव नव्हते, बोर्डावर नेमके कुठे काय दिसले तेही नव्हते. लेखी तक्रारी करून, अहवालाची प्रत मागून मागून शेवटी बोर्ड बदलून मिळाला. तोवर मुलीचे ते सेमिस्टर संपले होते. कागदोपत्री आमचा दावा मान्य झाला, कंपनीच्या नोंदीत ‘केस क्लोज’ झाली. आमचे गेलेले दिवस कोणत्याही नोंदीत नाहीत.

त्या ‘करोजन’ शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण डोंबिवलीच्या हवेत त्याला वेगळा अर्थ आहे. लॅपटॉपच्या बोर्डावर तांब्याच्या आणि काही ठिकाणी चांदीच्या अतिशय बारीक वाटा असतात. दमट हवेत गंधकाचे वायू, विशेषतः हायड्रोजन सल्फाइड, असले की या धातूंवर काळपट थर चढतो, तो पसरतो आणि जवळजवळच्या दोन वाटा एकमेकींना भिडतात. इलेक्ट्रॉनिक यंत्रांसाठी हवा किती गंजकारक आहे हे मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आणि मोठ्या सर्व्हरच्या खोल्यांसाठी कंपन्या ते पाळतात. डोंबिवलीच्या एमआयडीसीलगत, रासायनिक कारखान्यांच्या शेजारी, राहणाऱ्याला हवेबद्दल कोणी सांगायची गरज नाही. 2014च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला. 2020च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. त्याच्या वर कोकणचा पावसाळा, ज्यात कपाटातले चपलांचे जोडही बुरसटतात. अशा गावात ठेवलेल्या लॅपटॉपच्या बोर्डावर गंज दिसला, तर तो ग्राहकाने चहा सांडल्याचा पुरावा कसा होईल? कित्येक यंत्रांच्या आत ओल लागली की लाल होणारी छोटी पट्टी चिकटवलेली असते. ती लाल झाली एवढ्यावरून पाणी कोणी, कधी, कसे सांडले हे कळत नाही. तरी त्या पट्टीकडे बोट दाखवले की चर्चा संपते, आणि पाणी सांडलेच नाही हे दाखवून देण्याचे अशक्य काम ग्राहकाच्या गळ्यात पडते.

आपल्याकडचा न्यायाचा सर्वसाधारण नियमही इथे ग्राहकाच्या मदतीला येत नाही. सेवेत कसूर झाली हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले. वस्तूतला दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल, तर ग्राहक आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण त्यासाठीची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगता येते. तांदळाची भेसळ किंवा कापडाचा रंग याबाबतीत हे चालून जाईल. लॅपटॉपचा बोर्ड ज्याने उघडला, ज्याच्याकडे त्याचा नकाशा आहे, ज्याने त्याचा फोटो काढला, तो कंपनीचा माणूस. ज्याच्या हाती सगळी माहिती त्याने गप्प बसायचे आणि ज्याला यंत्र उघडायचीसुद्धा मनाई त्याने पुरावा आणायचा, हे न्यायाला धरून नाही.

युरोपीय संघाने या गाठीवर उपाय काढला आहे. तिथे नव्या वस्तूवर किमान दोन वर्षे विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी असते. त्यासाठी ग्राहकाला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. पहिल्या वर्षात दोष दिसला, तर तो विक्रीच्या वेळीच होता असे धरले जाते, आणि तसे नव्हते हे विक्रेत्याने दाखवायचे. 2024 साली केलेल्या नव्या नियमाने तर ग्राहकाने दुरुस्ती पत्करली, तर त्याच्या हमीचा काळ आणखी बारा महिन्यांनी वाढवायचे ठरवले. आपल्याकडे 1930चा वस्तुविक्री कायदा आहे. विकलेली वस्तू बाजारात चालण्याजोग्या दर्जाची असली पाहिजे, ही अट त्याने त्या मालाच्या व्यापाऱ्याने केलेल्या विक्रीत गृहीत धरली आहे. पण ती किती वर्षे चालावी, याचा आकडा त्यात नाही. ती रिकामी जागा कंपन्यांनी एका वर्षाच्या वॉरंटीने भरली, आणि दुसरे-तिसरे वर्ष विकायला काढले.

युरोपकडे बोट दाखवले की ‘तिथले वेगळे’ हे उत्तर येते, म्हणून इथलीच उदाहरणे घेतो. 2022च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे तळघरातल्या एका दुकानाच्या विम्याचा खटला होता. दुकान तळघरात आहे हे विमा कंपनीला ठाऊक होते, तिने पाहणी केली होती, हप्ता घेतला होता. आग लागल्यावर तिने कलम दाखवले की तळघराला विमा लागू नाही. न्यायालयाने ते कलम मानले नाही. विम्याचा मूळ हेतूच नष्ट करणारी अट, तीही ग्राहकाला न समजावता घातलेली, चालणार नाही, आणि अपवादाचे कलम लागू होते हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर आहे, असे न्यायालयाने बजावले. वाढीव वॉरंटी स्वभावाने विम्याचीच बहीण. आधी पैसे घ्यायचे, पुढे नुकसान झाले तर भरून द्यायचे, आणि काही प्रसंग वगळायचे. मग वगळलेल्या प्रसंगाचा पुरावा देण्याचा नियमही विम्याचाच लागला पाहिजे. पाणी सांडले म्हणता? मग फोटो, जागा, तपासणाऱ्याचे नाव आणि सही द्या. न दिल्यास दावा मान्य समजा.

तारखेचेही तेच. तारीख घालता येत नाही, हे मला पटत नाही, कारण आपल्याच देशात ती घातलेली आहे. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 रोजी परिपत्रक काढले. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा करायचे, आणि उशीर झाला तर दर दिवशी 100 रुपये द्यायचे. ग्राहकाने अर्ज करो वा न करो, ही भरपाई बँकेने आपणहून द्यायची आहे. त्या शंभर रुपयांत कोणी श्रीमंत होत नाही. पण उशिराला किंमत लागली, ती उशीर करणाऱ्याच्या खिशातून जाऊ लागली, की यंत्रणा हलते.

दुसरे उदाहरण कल्याण-डोंबिवलीकरांना तोंडपाठ आहे, कारण घोडबंदर रोडपासून टिटवाळ्यापर्यंत ज्याने गेल्या काही वर्षांत नवे घर घेतले त्याने महारेराचे, म्हणजे राज्याच्या घरबांधणी नियामकाचे, नाव घेतले आहेच. 2016च्या रेरा कायद्याने ताबा लांबवणाऱ्या बिल्डरला उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज लावले. त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात असे आहे की ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष ग्राहकाने दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत, एकही पैसा न घेता दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. विटा-सिमेंटच्या इमारतीतली गळती शोधणे हे बोर्डावरचा भाग शोधण्याइतकेच कटकटीचे काम आहे. तरी तिथे कायद्याने दिवस मोजले. पाच वर्षांची जबाबदारी टाकली आणि ती वेगळी विकण्याची सोय बिल्डरला ठेवली नाही.

आणि सर्वांत बोलका पुरावा लॅपटॉप कंपन्या स्वतःच देतात. मोठ्या कार्यालयांना विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर दुसऱ्या कामाच्या दिवशी जागेवर येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी या कंपन्या वर्षानुवर्षे विकत आहेत. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आयटी कंपनीत बोर्ड गेला, तर तंत्रज्ञ बोर्ड घेऊन टेबलाशी येतो. त्याच कंपनीचा, त्याच गाभ्याचा घरगुती लॅपटॉप तिथून पाच स्टेशने पुढे डोंबिवलीत बंद पडला की ‘पार्ट ऑर्डरवर आहे’. म्हणजे सुटे भाग वेळेत पोचवण्याची विद्या त्यांना येते. ती कोणासाठी वापरायची, एवढे ठरवलेले आहे. मोठा खरेदीदार करारात दिवस लिहून घेतो आणि उशीर झाला तर पैसे कापतो. घरगुती ग्राहकासमोर छापील करार येतो, त्यातला एक स्वल्पविरामही त्याला बदलता येत नाही. अशा दुबळ्या बाजूच्या वतीने करारात तारीख घालण्याचे काम कायद्याचे आहे.

याला उत्तर म्हणून सांगितले जाईल की तारखेची सक्ती केली तर वॉरंटी महाग होईल. होऊ दे. आज ती स्वस्त दिसते कारण तिच्या खर्चाचा मोठा भाग ग्राहक रजेच्या, बुडालेल्या कामाच्या आणि आजोबांच्या फेऱ्यांच्या रूपाने वेगळा भरतो. तो भाग किमतीत उघड दिसला, तर ग्राहकाला निदान खरा हिशेब करता येईल, आणि कोणत्या कंपनीची वॉरंटी घ्यावी याची तुलना दिवसांवरून करता येईल. सुटा भाग खरोखरच परदेशातून यायचा असेल, तर तोवर कामचलाऊ दुसरा लॅपटॉप द्यावा. ग्राहक खोटे बोलतात, चहा सांडून ‘आपोआप बंद पडला’ म्हणतात, हाही आक्षेप खरा आहे. मी असे लोक पाहिले आहेत. पण त्यावरचा उपाय जमा करतानाच काढायचा असतो. काउंटरवर ग्राहकादेखत यंत्र उघडा, फोटो काढा, जॉबशीटवर दोघांच्या सह्या घ्या. खोटे बोलणारा तिथेच पकडला जाईल आणि खरे बोलणारा महिनाभर आरोपी म्हणून वावरणार नाही.

काटकसरी माणसे सल्ला देतात, की वाढीव वॉरंटी घेऊच नये, तेवढे पैसे बाजूला टाकावेत. पुष्कळांसाठी तो बरोबर आहे. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हमखास थकते ती बॅटरी, आणि ती बहुतेक वाढीव वॉरंट्यांत झिजणारा भाग म्हणून वगळलेली असते. बिजागरी तुटली तर ती ‘भौतिक नुकसान’ ठरते. जे बिघडण्याचा संभव जास्त ते बाहेर, जे क्वचित बिघडते ते आत, अशी ही मांडणी. तरीही हप्त्यावर लॅपटॉप घेतलेल्या घराला बोर्डाचा एकदम येणारा खर्च पेलत नाही, आणि त्या भीतीपोटी माणूस वॉरंटी घेतो. ती भीती खरी आहे. तिच्यावर विकलेला माल तेवढाच खरा असावा, इतकीच अपेक्षा. निदान ती विकताना लपवाछपवी नको. ऑनलाइन खरेदीत वॉरंटीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवणे, बिलात ती न विचारता घालणे, हे 30 नोव्हेंबर 2023च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी अनुचित ठरवले आहे. पैसे भरण्याआधी शेवटचा आकडा पाहून घ्यावा.

कंपनी तारीख पाळत नसेल तर लॅपटॉप दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्यायची मुभा हवी, ही माझी आणखी एक मागणी. कल्याण स्टेशनच्या पश्चिमेला, डोंबिवलीत फडके रोडच्या आसपासच्या गल्ल्यांत, उल्हासनगरात, हॉट एअर गन आणि मायक्रोस्कोप घेऊन बसलेले असे कारागीर आहेत जे बोर्डावरचा गेलेला एक तांदळाएवढा भाग शोधून तेवढाच बदलतात. सर्व्हिस सेंटर पूर्ण बोर्ड बदलते, कारण तिथे तेवढेच करायची परवानगी आणि सामग्री असते. या कारागिराकडे गेले की मात्र वॉरंटी संपली. अमेरिकेत 1975च्या वॉरंटी कायद्यानुसार अशी अट चालत नाही. 2018च्या एप्रिलमध्ये तिथल्या व्यापार आयोगाने सहा कंपन्यांना त्याबद्दल ताकीद दिली. आपल्याकडे 2014 साली स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांपासून रोखल्याबद्दल सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाच्या रकमेवर पुढे अपिले झाली, पण दुरुस्तीची मक्तेदारी हा स्पर्धेचा भंग आहे हे तत्त्व आपल्याच संस्थेने मांडले. केंद्र सरकारने 2022च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू केले, आणि वस्तू किती सहज दुरुस्त होते याचा निर्देशांक कसा असावा याचा अहवाल 2025च्या मे महिन्यात सरकारला मिळाला. हे सगळे चांगले आहे, पण पोर्टलवरची माहिती सक्तीच्या कायद्याची जागा घेत नाही. ठरलेली तारीख चुकल्यावर ग्राहकाने कल्याणच्या कारागिराकडून लॅपटॉप दुरुस्त करून घ्यावा, आणि त्याचे पक्के बिल वॉरंटी कंपनीने चुकते करावे. असा एक नियम आला, तर सुटे भाग कसे वेळेत येतात ते पाहण्यासारखे असेल.

आता जो कायदा हाती आहे त्याबद्दल. 2019चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि त्याने एक मोठे काम केले. तक्रार आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात करता येते. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, कागदावर कोणत्याही शहराचे नाव छापलेले असो, डोंबिवलीकराने ठाण्याच्या जिल्हा आयोगात जावे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येते. जे पाळण्याची वाजवी शक्यताच नाही असे दुरुस्तीचे किंवा बदलून देण्याचे वचन देणे, ही याच कायद्याच्या व्याख्येत अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुद्दाम माहिती दडवणे ही सेवेतील कसूर आहे. अहवालाची प्रत न देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला हे वाक्य ऐकवण्यासारखे आहे.

पण त्याच कायद्यात एक गाठ राहून गेली आहे. अन्याय्य करार ही कल्पना त्याने प्रथमच आणली, ग्राहकावर अवाजवी अट लादणारा करार आव्हान देण्याजोगा केला, आणि ते आव्हान ऐकण्याचा अधिकार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिला. जिल्हा आयोगाला दिला नाही. म्हणजे चार-पाच हजारांच्या वॉरंटीच्या कागदातली एक अट अन्याय्य आहे, असे मुरबाडच्या किंवा शहापूरच्या माणसाला म्हणायचे असेल तर ठाणे ओलांडून मुंबईच्या राज्य आयोगापर्यंत जायचे. छापील करार सगळ्यांत जास्त वाट्याला येतात ते लहान ग्राहकाच्या, आणि त्याच्याच जवळचे दार बंद. हे कलम बदलले पाहिजे. आयोगांच्या रिकाम्या जागाही वेळेवर भरल्या पाहिजेत. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात ग्राहकाला वर्षे मोजावी लागतात. तारीख पाळा असे कंपनीला सांगणाऱ्या आयोगाला सरकारने स्वतःची तारीख पाळता येईल इतकी माणसे दिली पाहिजेत.

महाराष्ट्राने ग्राहक म्हणून एकत्र येण्याचे काम देशाच्या आधी केले आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातून ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या घरांनी संघ करायचा, महिन्याचा किराणा एकत्र मागवायचा, दर्जा आणि भाव एकत्र ठरवायचे, ही तिची पद्धत. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, 1986 साली आला. डाळ-तांदूळ एकत्र घेणारी आपली घरे लॅपटॉप मात्र एकेकट्याने घेतात, रात्री अकरा वाजता मोबाइलवर, सवलतीचे घड्याळ उलटे मोजत असताना. एकट्या ग्राहकाला छापील अट बदलता येत नाही हे खरे, पण डोंबिवलीच्या पेंढरकर कॉलेजातल्या, कल्याणच्या बिर्ला कॉलेजातल्या किंवा ठाण्याच्या बांदोडकर कॉलेजातल्या एका वर्षाच्या विद्यार्थ्यांनी मिळून लॅपटॉप घ्यायचे ठरवले, तर दुकानदाराला आणि कंपनीला त्यांच्याशी बोलावे लागेल. मोठी कार्यालये घालतात तशी अट त्यांनी घालावी, की सात दिवसांत दुरुस्ती व्हावी, नाहीतर बदली लॅपटॉप मिळावा. कायदा बदलेपर्यंत वाट पाहण्यापेक्षा हे उद्यापासून करता येण्यासारखे आहे, आणि कॉलेजांनी यात पुढाकार घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ज्यांचा लॅपटॉप आत्ता या क्षणी कुठल्यातरी सर्व्हिस सेंटरच्या फळीवर पडून आहे, त्यांना एवढेच सांगायचे आहे. जॉबशीट घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. त्यावर यंत्राची बाहेरची स्थिती आणि परतीची तारीख लिहून घ्या. ते तारीख लिहायला तयार नसतील, तर तुम्ही त्याच दिवशी मेल करून तारीख मागा, म्हणजे नकार निदान लेखी राहील. दावा फेटाळला तर तपासणीचा अहवाल आणि फोटो मागा. उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि तिथेही काम झाले नाही तर ठाण्याच्या आयोगात जा. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कंपनीशी तुमचा पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही.